सराईत ठरवून वाढवलेली शिक्षा: अपिलाआधी काय तपासायचे आणि कोणत्या क्रमाने

पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाला पुन्हा शिक्षा झाली की अपील बहुतेकदा दयेवर लिहिले जाते. घरात म्हातारी आई, लहान लेकरे, एकटा कमावता. हे सगळे खरे असते, पण अपिलाचे न्यायाधीश निकालपत्रात 'यापूर्वी दोन वेळा शिक्षा' हे वाक्य वाचतात आणि दयेचा मुद्दा तिथेच संपतो. त्याच फाइलमध्ये कायद्याची ठसठशीत चूक पडून राहिलेली असते: पूर्वीची शिक्षा दोषारोपात लिहिलेलीच नसते, ती शाबित केलेली नसते, तारखा जुळत नसतात, किंवा कच्च्या कैदेचे (निकालाआधी आत काढलेले) दिवस वजा झालेले नसतात. अशी चूक दाखवली तर न्यायालयाला तिची दखल घ्यावी लागते, दया मात्र त्याच्या मर्जीवर राहते. म्हणून आधी चूक शोधायची आणि दया शेवटी मागायची. पुढचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

हा लेख आरोपीच्या नातेवाइकांसाठी आणि नव्या वकिलांसाठी आहे. अपील वकिलानेच चालवावे. पण कागद कोणते आणायचे आणि वकिलाला काय विचारायचे, हे घरच्यांना माहीत असले तर बरेच बिघडायचे टळते.

टप्पा 1: मुदत आणि नकल

निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची एक प्रत ताबडतोब आणि विनामूल्य मिळायला हवी (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 404, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 363; पुढे प्रक्रियेची कलमे याच दोन संहितांची आहेत). ती मागून घ्या. शिवाय प्रमाणित नकलेसाठी वेगळा अर्ज करा, कारण मुदतीचा हिशेब त्या नकलेवरच्या शिक्क्यांवरून होतो.

मुदत अशी असते: दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील 30 दिवसांत, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात 60 दिवसांत. फाशीची शिक्षा असेल तर 30 दिवस. मोक्काखालच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात जायलाही 30 दिवसच आहेत. नकल तयार व्हायला लागलेला काळ या मुदतीतून वगळला जातो, मात्र नकल तयार झाल्यावर ती शाखेत पडून राहिली तर ते दिवस तुमच्या खात्यावर पडतात.

कोणत्या न्यायालयात जायचे, तेही इथेच ठरवा. दंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर सत्र न्यायालय. सत्र न्यायाधीशाने दिली असेल किंवा सात वर्षांपेक्षा जास्त कैद असेल तर उच्च न्यायालय. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

*इशारा:* मुदत उलटली म्हणून हातपाय गाळू नका. विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्या आणि त्यात प्रत्येक टप्प्याचे कारण लिहा. 'गरिबीमुळे उशीर झाला' एवढे एकच वाक्य लिहिलेला अर्ज फार कच्चा ठरतो.

*तपासा:* आरोपी आत असेल तर त्याने कारागृहातून जेल अपील आधीच पाठवले आहे का? कारागृह अधीक्षकांमार्फत असे अपील जाते (कलम 424). घरच्यांना त्याचा पत्ता नसतो, मग त्याच निकालावर दोन अपिले उभी राहतात आणि पहिले कुणी चालवत नाही म्हणून फेटाळले जाण्याचा धोका निर्माण होतो. वकिलाला पहिल्या भेटीतच हे सांगा.

टप्पा 2: कागद आणि तारखांचा तक्ता

फक्त निकालपत्र वाचून शिक्षेतली चूक सापडत नाही. पुढचे कागद मागवा: दोषारोप (आरोप निश्चितीचा कागद, पोलिसांचे दोषारोपपत्र नव्हे), रोजनामा (खटल्याच्या तारीखवार कामकाजाची नोंद), कलम 313 चा म्हणजे आताच्या 351 चा आरोपीचा जबाब, शिक्षेच्या मुद्द्यावर जे ऐकून घेतले त्याची नोंद, पूर्वीच्या शिक्षेसंबंधी निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडलेले सगळे दस्तऐवज, आणि कारागृहातून कैदेच्या कालावधीचा दाखला. जुन्या खटल्यांचे निकाल सीएनआर क्रमांकावरून (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दिसतात, पण अपिलाला त्यांच्या प्रमाणित नकलाच जोडा.

आता कोऱ्या कागदावर प्रत्येक खटल्याची एक ओळ आखा. गुन्हा घडल्याची तारीख, अटकेची तारीख, जामिनाची तारीख, दोषी ठरल्याची तारीख, कलम, त्या कलमाची कमाल शिक्षा, दिलेली शिक्षा, आणि त्या शिक्षेवर अपील झाले का, झाले असल्यास काय झाले. हा तक्ता झाल्याशिवाय अपिलाचा मसुदा लिहायला घेऊ नका. पुढच्या टप्प्यांतल्या बहुतेक चुका या तक्त्यातूनच डोळ्यांत भरतात.

टप्पा 3: 'पूर्वीची शिक्षा' खरोखर मोजता येते का?

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून इथे थोडे थांबू.

पोलिसांच्या यादीतले गुन्हे म्हणजे पूर्वीची शिक्षा नव्हे. 'सराईत' हा पोलिसांचा शब्द आहे. दाखल असलेले, चालू असलेले, किंवा निर्दोष सुटलेले खटले वाढीव शिक्षेच्या कलमात मोजता येत नाहीत. त्यासाठी दोषसिद्धीच लागते. मोक्कात मात्र दहा वर्षांतली एकाहून जास्त दोषारोपपत्रे मोजली जातात. तो कायदाच वेगळा आहे आणि त्याचा नियम इतर खटल्यांना लावू नये. सरकारी पक्षाने तसा लावला असेल तर तो अपिलाचा मुद्दा आहे.

पूर्वीची दोषसिद्धी अपिलात रद्द झाली होती का? झाली असेल तर ती मोजायचीच नाही. गुन्हा अठरा वर्षांखालचा असताना घडला होता का? बाल न्याय कायद्याच्या कलम 24 प्रमाणे अशा दोषसिद्धीचा कलंक पुढे चिकटत नाही. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलांचा खटला प्रौढांसारखा चालतो, ते याला अपवाद आहेत.

त्यानंतर कलम पाहा. मालमत्तेच्या गुन्ह्यांत वाढीव शिक्षेचे भारतीय दंड संहितेचे जुने कलम 75 होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 13 आहे. ते लागू व्हायला दोन्ही गुन्हे ठरावीक प्रकरणांतलेच हवेत: नाणी, नोटा आणि शासकीय मुद्रांकांचे गुन्हे, किंवा मालमत्तेविरुद्धचे गुन्हे. दोन्हींची कमाल शिक्षा तीन वर्षे किंवा जास्त हवी. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे इथे पाहत नाहीत, कायद्यात किती लिहिली आहे ते पाहतात. म्हणजे पूर्वी मारहाणीची, जुगाराची किंवा दारूबंदीची शिक्षा झाली होती म्हणून आजच्या चोरीला कलम 75 लावता येत नाही. अतिक्रमण मालमत्तेच्या प्रकरणातच येते, पण साध्या अतिक्रमणाची कमाल शिक्षा तीन महिने असल्याने तेही यात बसत नाही.

आणि आता तारखा. कलम 75 ची रचना 'दोषी ठरलेला असताना पुन्हा गुन्हा करील' अशी आहे. म्हणून दुसरा गुन्हा पहिल्या दोषसिद्धीच्या नंतर घडलेला असावा लागतो. समजा, दोन चोऱ्या फेब्रुवारी आणि मे 2023 मधल्या आहेत. पहिलीत सप्टेंबर 2023 ला शिक्षा झाली, दुसरीत 2025 ला. दुसऱ्या निकालात 'यापूर्वी शिक्षा झालेली असताना' असे लिहून शिक्षा वाढवली. ही चूक आहे, कारण मे 2023 मध्ये आरोपी कशातही दोषी ठरलेला नव्हता.

*इशारा:* हा मुद्दा सगळ्या कायद्यांना सारखा लावू नका, त्या कलमाचे शब्द वाचा. बलात्काराचा गुन्हा पुन्हा करणाऱ्यासाठीच्या जुन्या कलम 376-ई ची रचना 'पूर्वी दोषी ठरलेला आणि नंतर दोषी ठरलेला' अशी आहे. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात दोन्ही गुन्हे 2013 च्या एकाच पावसाळ्यातले होते. मार्च 2014 मध्ये दोन्ही खटल्यांत दोषसिद्धी झाली, आणि दुसऱ्या खटल्यात शिक्षा सुनावण्याआधी 376-ई चा दोषारोप वाढवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते कलम वैध ठरवले. 2021 मध्ये फाशीची जन्मठेप झाली, तीही उर्वरित आयुष्यभराची.

टप्पा 4: ती योग्य रीतीने मांडली आणि शाबित केली का?

यासाठी चार प्रश्न आहेत. प्रत्येकाचे उत्तर कागदावरून द्या, आठवणीवरून नको.

1. दोषारोपात पूर्वीच्या दोषसिद्धीची वस्तुस्थिती, तारीख आणि ठिकाण लिहिले होते का (कलम 234(7), जुने 211(7))? राहून गेले असेल तर न्यायालयाला ते शिक्षा सुनावण्यापूर्वी केव्हाही वाढवता येते. शिक्षा सुनावल्यावर मात्र येत नाही.
2. आधी आरोपीला या खटल्यात दोषी ठरवून मगच पूर्वीच्या शिक्षेबद्दल विचारले का? सत्र खटल्यात कलम 259 आणि दंडाधिकाऱ्याकडच्या वॉरंट खटल्यात कलम 271 हेच सांगते. दोषी ठरण्याआधी तो दोषारोप वाचायचा नाही आणि पुराव्यात त्याचा उल्लेखही आणायचा नाही.
3. आरोपीने पूर्वीची शिक्षा कबूल केली का? नसेल तर पुरावा घेऊन त्यावर स्पष्ट निष्कर्ष नोंदवला का?
4. पुरावा कोणता? न्यायालयाच्या दप्तराचा प्रमाणित उतारा, कारागृह अधिकाऱ्याचा दाखला किंवा शिक्षेचे वॉरंट चालते (कलम 334, जुने 298). पण त्यासोबत तोच माणूस हाच, हे ओळखीचे सिद्ध व्हावे लागते. नाव आणि वडिलांचे नाव जुळले एवढ्यावर ओळख धरून चालणे हा कच्चा दुवा आहे. आपल्याकडे एकाच तालुक्यात एकाच नावाचे कितीतरी लोक सापडतात.

इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. दोषारोपातली त्रुटी दाखवली की शिक्षा आपोआप पडत नाही. त्या त्रुटीमुळे न्यायाची हानी झाली हे दाखवावे लागते, आणि आक्षेप खालच्या न्यायालयात घेता आला असता का, हेही पाहिले जाते (कलमे 510 आणि 511). म्हणून अपिलात 'दोषारोपात उल्लेख नाही' एवढेच लिहून थांबू नका. उल्लेख असता तर आरोपीने काय केले असते ते लिहा: ती दोषसिद्धी त्याची नव्हती, ती अपिलात रद्द झाली होती, त्याने ती नाकारली असती. हानी कुठे झाली ते न्यायाधीशांना बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

टप्पा 5: दिलेली शिक्षा कायद्याच्या चौकटीत बसते का?

गुन्ह्याची तारीख 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर शिक्षा भारतीय दंड संहितेप्रमाणेच होते, निकाल आजचा असला तरी. हा फरक चोरीत मोठा आहे. जुन्या कलम 379 ला कमाल तीन वर्षे होती. नव्या संहितेच्या कलम 303 मध्ये दुसऱ्यांदा किंवा नंतर दोषी ठरल्यास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे. 2023 च्या चोरीला हे नवे 'किमान एक वर्ष' लावले असेल तर ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(1) च्या विरुद्ध आहे. अपील अर्जात मात्र प्रक्रियेची जुनी आणि नवी दोन्ही कलमे लिहावीत.

यानंतर शिक्षा देणाऱ्याचा अधिकार पाहा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतच कैद देऊ शकतो, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. प्रथम वर्गाच्या न्यायालयाने पुनरावृत्तीचे कलम लावून चार वर्षे दिली असतील तर ती शिक्षा त्याच्या अधिकाराबाहेरची आहे. जास्त शिक्षा हवी होती तर खटला वर पाठवायला हवा होता.

दंड न भरल्यास जी कैद सांगितली आहे तीही मोजा. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील तर ही कैद कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. तीन वर्षांच्या कलमाला ती नऊ महिन्यांपर्यंतच चालते.

पूर्वी शिक्षा झाली म्हणून परिवीक्षा (कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सुटका) मिळतच नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धवट आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम 3 ला पूर्वीची दोषसिद्धी आड येते. कलम 4 मध्ये तशी बंदी लिहिलेली नाही. निकालात 'पूर्वी शिक्षा झाल्यामुळे परिवीक्षा देता येत नाही' असे एका ओळीत उरकले असेल, तर न्यायालयाने स्वतःचा अधिकारच ओळखला नाही, हा नीट मुद्दा होतो.

टप्पा 6: शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ, आणि कच्च्या कैदेची वजावट

अनेक खटले असलेल्या माणसाची खरी वर्षे इथे जातात. तरी अपिलात याचा उल्लेखही नसतो.

एकाच खटल्यात अनेक कलमांखाली शिक्षा झाली असेल तर कलम 25 (जुने 31) पाहा. वेगवेगळ्या खटल्यांतल्या शिक्षा असतील तर कलम 467 (जुने 427) पाहा. दुसऱ्या प्रकारात नियम असा की आधीची शिक्षा संपल्यावर नवी सुरू होते, न्यायालयाने 'एकत्रितपणे भोगाव्यात' असे सांगितले तरच त्या एकत्र चालतात. न्यायालय गप्प राहिले तर कारागृह शिक्षा एकापाठोपाठ मोजते. आधीची शिक्षा जन्मठेप असेल तर नंतरची शिक्षा तिच्यासोबतच चालते.

उत्तर प्रदेशातल्या एका माणसाला वीज साहित्याच्या चोरीच्या नऊ खटल्यांत प्रत्येकी दोन वर्षे झाली. एकत्रित भोगण्याचा आदेश नव्हता, म्हणून कारागृहाने अठरा वर्षे धरली. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या शिक्षा एकत्रित केल्या. खालच्या न्यायालयात शिक्षा सुनावताना कुणी उठून एक वाक्य बोलले असते तर हे टळले असते. म्हणून शिक्षेच्या सुनावणीतच चालू असलेल्या सगळ्या शिक्षांची यादी लेखी द्या. तेव्हा राहिले असेल तर अपिलात मागा. अपिलाची वेळही गेली असेल तर उच्च न्यायालयात स्वतंत्र अर्जाचा मार्ग उरतो.

एकत्रित शिक्षा हक्काने मिळत नाही. व्यवहार एकच होता का, हे न्यायालय पाहते. 2013 मध्ये हरियाणातल्या धनादेश न वटल्याच्या पंधरा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने खटल्यांचे व्यवहारांप्रमाणे गट पाडले. एका गटातल्या शिक्षा एकत्र केल्या, पण गटागटांच्या शिक्षा एकापाठोपाठ ठेवल्या. त्यामुळे अपिलात सगळे खटले एका मोळीत बांधू नका. कोणते खटले एका व्यवहाराचे, ते वेगळे काढून दाखवा.

*इशारा:* दंड न भरल्याबद्दलची कैद एकत्रित आदेशात येत नाही. ती वेगळी भोगावी लागते. दंड भरणे शक्य असेल तर हा हिशेब घरच्यांना आधी समजावून सांगा.

आता वजावट. तपासात आणि खटल्यात काढलेली कच्ची कैद शिक्षेतून वजा होते (कलम 468, जुने 428). एकाच वेळी दोन खटल्यांत कच्ची कैद असेल तर ती दोन्ही शिक्षांतून वजा होते, हे महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ठरवले आहे. गडबड अटकेच्या तारखेत होते. माणूस एका गुन्ह्यात आधीच आत असतो आणि दुसऱ्या गुन्ह्यात त्याला नंतर वर्ग करून घेतलेले असते. दुसऱ्या खटल्याची कच्ची कैद त्या वर्ग केलेल्या दिवसापासून मोजतात. रोजनाम्यातून ती तारीख काढा आणि निकालपत्रातल्या तारखेशी ताडून पाहा.

*तपासा:* निकालातले वजावटीचे दिवस, वॉरंटवरचे दिवस आणि कारागृहाच्या दाखल्यावरचे दिवस हे तिन्ही आकडे सारखे आहेत का?

टप्पा 7: अपील अर्ज लिहिणे

मुद्द्यांचा क्रम असा ठेवा: आधी दोषसिद्धीविरुद्धचे मुद्दे (असतील तर), मग वाढीव शिक्षेचे कलम लागूच होत नाही, मग ते शाबित झाले नाही, मग अधिकार आणि मर्यादा, मग एकत्रित शिक्षा आणि वजावट, आणि सगळ्यात शेवटी वय, कुटुंब, कारागृहातली वागणूक. प्रत्येक मुद्द्यापुढे निशाणी क्रमांक आणि निकालपत्राचा परिच्छेद लिहा. विनंतीत पर्याय ठेवा: 'कलम 75 खालची शिक्षा रद्द करून कलम 379 खाली भोगलेल्या कालावधीपुरती मर्यादित करावी' असे नेमके लिहा. नुसते 'योग्य तो आदेश व्हावा' पुरत नाही.

गुन्हा कबूल केलेला असेल तरी अपील पूर्ण बंद होत नाही. दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाच्या अशा निकालावर शिक्षेचे प्रमाण आणि कायदेशीरपणा एवढ्यापुरते अपील चालते (कलम 416). शिक्षा अगदी किरकोळ म्हणून अपीलच नसेल तर 90 दिवसांत पुनरीक्षण अर्ज करा.

अपील केले तर शिक्षा वाढेल, ही भीती घरोघरी असते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही (कलम 427). वाढवायची तर सरकारला वेगळे अपील करावे लागते, आणि त्याची नोटीस मिळते. ती आली तर घाबरून गप्प बसू नका, त्याच सुनावणीत निर्दोष सुटकाही मागता येते.

वाढीव कलम पडले तरी मूळ कलमाच्या कमाल मर्यादेत न्यायालय पूर्वीच्या वागणुकीचा विचार करू शकते. पाचाची तीन वर्षे होतील, शून्य होणार नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

टप्पा 8: शिक्षेला स्थगिती

अपील दाखल करतानाच स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्या (कलम 430). खटल्यात जामिनावर असलेल्या आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा झालेल्या आरोपीला, अपील करता यावे म्हणून शिक्षा देणारे न्यायालयच तात्पुरता जामीन देऊ शकते. हा अर्ज निकालाच्याच दिवशी, न्यायालय उठण्यापूर्वी द्यावा. जामीनदार आणि त्यांचे कागद त्या दिवशी सोबत हवेत.

अर्जात तीन आकडे ठळक लिहा: एकूण शिक्षा, आतापर्यंत भोगलेली, आणि आपला मुद्दा मान्य झाला तर उरणारी. तिसरा आकडा शून्याच्या जवळ असेल तर स्थगितीसाठी त्याहून जोरकस कारण नाही. दंडालाही स्थगिती मागा, ती विसरली की वसुली सुरू होते. धनादेशाच्या खटल्यात अपील न्यायालय दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरायला सांगू शकते, तेवढ्या पैशांची तजवीज आधी करा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नेमलेला वकील कळला की टप्पा 2 मधला तारखांचा तक्ता, कारागृहाचा दाखला आणि जुन्या निकालांच्या नकला एका फाइलमध्ये लावून पहिल्याच भेटीत त्यांच्या हातात द्या.